दुसरी देल्फिना

एक, नऊ, पाच, दोन. देल्फिनाने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून चारही बटणं पुन्हा एकदा दाबली, या वेळी प्रत्येक आकडा तोंडाने म्हणत, लहान मुलाला शिकवावं तसं. खांबावरचा दिवा लालच राहिला. इतकी वर्षं हे चार आकडे दाबले की दिवा हिरवा व्हायचा, आत कुठेतरी साखळी खडखडायची आणि लोखंडी फाटक रुळावरून कण्हत बाजूला सरायचं. आता ते बोटांनाच पाठ झालं होतं, डोक्याला विचारावं लागत नसे. तिने हात आत घेतला आणि बोटांकडे पाहिलं, जणू चूक त्यांचीच होती. पाटीवरचा नंबर फिरवला तर एक बाई इंग्रजीत म्हणाली, माणूस पाठवतो, गाडीतच थांबा. किती वेळ, असं विचारल्यावर ती पुन्हा म्हणाली, थांबा. शेजारच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेल्या भोपळ्याच्या करंज्या होत्या, अजून गरम. त्यांचा दालचिनीचा वास गाडीभर झाला होता. पायाशी पर्स होती, पर्समध्ये ते पत्र. आणि समोर भिंत, गंजाच्या रंगाच्या चौकोनी खांबांची, अठरा फूट उंच, दोन्हीकडे नजर पोचेल तिथपर्यंत गेलेली. दोन खांबांच्या मधून हात जातो, खांदा जात नाही. हे तिने पहिल्याच आठवड्यात करून पाहिलं होतं. तेव्हा उबाल्दो, तिचा नवरा, जिवंत होता आणि मागे उभा राहून हसला होता. तो म्हणाला होता, माप घेतेस का?

सकाळी सहाला चायोचा फोन आला होता. चायो म्हणजे आंपारोची मुलगी, आंपारो म्हणजे देल्फिनाची थोरली बहीण. "मावशी, आईने कालपासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही. फादर येऊन गेले. डोळे उघडते तेव्हा एकच विचारते, देल्फिना आली का? मी काय सांगू?" देल्फिना म्हणाली होती, "सांग, करंज्या भाजायला टाकल्यात." खरं तर तेव्हा भोपळा अजून चिरलासुद्धा नव्हता. फोन ठेवल्यावर तिने दोन्ही कामं केली, भोपळा चिरला आणि रोजच्यासारखा दोन मुठी राजमा निवडून पातेल्यात भिजत घातला. त्या राजम्याचा अर्थ तिला आता इथे बसल्यावर लागत होता. म्हणजे संध्याकाळी तो शिजवायला ती घरी असणार, असं तिच्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. हात असेच असतात. डोकं एक म्हणत असतं आणि ते दुसरंच काही निवडत बसतात.

तिच्या घराच्या मागच्या ओट्यावरून नदी दिसते. नदी कसली, आता ओढाच. पलीकडे कुणी कुत्र्याला हाक मारली तर इकडच्या कुत्र्याचे कान उभे राहतात. पलीकडच्या, मेक्सिकोतल्या माटामोरोसच्या देवळाची घंटा वाजली की तिच्या स्वयंपाकघरातल्या बशा थरथरतात, निदान तिला तरी तसं वाटतं. आंपारोचं घर त्या ओट्यापासून सरळ दीड मैलावर आहे. पण तिकडे जायचं तर आधी उलट्या दिशेला, उत्तरेला निघावं लागतं. नदी वाकडी वाहते आणि अमेरिकेच्या सरकारला सरळ भिंत हवी होती, म्हणून ती बरीच आत बांधली गेली आणि चौदा घरं नदीच्या बाजूला राहिली. देश तोच, फक्त भिंतीबाहेरचा. म्हणून आधी हे फाटक, मग गावातून सहा मैल, मग पूल. पुलावर जाताना कुणी काही विचारत नाही. येताना विचारतात. आयुष्यातली साठ वर्षं ती हा पूल ओलांडत आली होती, भाजी आणावी तसा. येताना नुसतं 'अमेरिकन' म्हटलं की शिपाई मान हलवायचा. पुढे पासपोर्ट लागायला लागला तेव्हा तिने तोही काढला, आणि गेल्या वर्षी त्याची मुदत संपली. नवा मिळण्याऐवजी पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं, आपला जन्म या देशात झाल्याचा पुरावा अपुरा वाटतो. ज्या सुईणीच्या सहीने नोंद झाली तिच्या नोंदींविषयी शंका आहे. तरी बाप्तिस्म्याची चिठ्ठी, शाळेचं पहिलं हजेरीपत्रक आणि आईच्या गरोदरपणातल्या तपासणीचे कागद पाठवावेत. आईच्या तपासणीचे कागद! आई सातव्या महिन्यापर्यंत लोकांच्या चादरी धूत होती. तिला तपासलं असेल तर फक्त उन्हाने.

फोन वाजला. सान अँतोनियोहून नेल्डा होती. मुलीच्या आवाजात आधीपासूनच धाप होती, जिना चढून आल्यासारखी.

"आई, घरीच आहेस ना?"

"गाडीत आहे."

"गाडीत कुठे?"

"फाटकाशी. उघडत नाहीये."

"बरं झालं." मग जरा थांबून, "असं बोलू नये, पण बरं झालं. देवानेच बंद केलंय. वळव गाडी, घरी जा."

"देवाला एवढा वेळ नाही गं. बॅटरी गेली असेल."

"थट्टा नको करूस. तू पलीकडे गेलीस तर परत कोण आणणार तुला? वकीलबाईने कानीकपाळी ओरडून सांगितलंय, पूल ओलांडू नका, आमच्याकडेही येऊ नका, रस्त्यातल्या चौकीवर कागद बघतात. पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाला तू आली नाहीस, आम्ही काही बोललो का? आणि आता तिकडे निघालीस. तू गेलीस म्हणून मावशी जगणार आहे का?"

"ती जगावी म्हणून नाही चाललेय."

"मग कशाला?"

देल्फिनाने करंज्यांवरचा टॉवेल पुन्हा घट्ट केला. नेल्डा रडत होती की रस्त्यावरचा आवाज होता, ते तिला कळेना. शेवटी नेल्डाच म्हणाली, "मी जेवणाच्या सुट्टीत फोन करीन. घरातल्या फोनवर करीन. तू उचलायचास." लहानपणी हीच मुलगी शाळेतून आल्यावर दारातून ओरडायची, आई, तू आहेस ना? आणि उत्तर आल्याशिवाय दप्तर खाली ठेवायची नाही.

ऊन चढत होतं. भिंतीच्या खांबांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि त्यांतली एक गाडीच्या टपावरून येऊन तिच्या मांडीवर आडवी झाली होती. भिंतीबद्दलची ती सभा तिला आठवली, शाळेच्या सभागृहातली, पत्र्याच्या खुर्च्यांची. वरून आलेला माणूस नकाशे दाखवत होता आणि अर्धं गाव अर्ध्या गावावर ओरडत होतं. उबाल्दो साखर कारखान्यातून थेट आला होता, अंगाला मळीचा वास. तो उभा राहून म्हणाला, माझी जमीन घ्या, पण माझ्या दाराशी कुलूप लावू नका. आणि देल्फिना, जी सभेत कधी तोंड उघडत नसे, ती उभी राहिली आणि म्हणाली, "बांधा. आम्ही कागदाची माणसं आहोत. आम्ही रांगेत उभं राहायचं आणि त्यांनी चोरून आमच्या बागेतून यायचं, हे चालणार नाही." टाळ्या पडल्या. घरी येताना उबाल्दो गाडी चालवत इतकंच म्हणाला, "तुझी आई कुठल्या जहाजातून उतरली होती गं?" दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. कारण तिच्याकडे कागद होता. आईने तो मेणकापडात गुंडाळून ठेवला होता. निळसर, टेक्सासचा, खाली सुईणीची, दोन्या पेत्राची सही, पाय तुटलेल्या मुंगीसारखी. ब्राउन्सव्हिलच्या बाजारामागे पेत्राची खोली होती. नळ आत नव्हता, पण अर्धं गाव त्या खोलीत जन्मलं. देल्फिनाचा कागद भावंडांत एकटीचा. त्या कागदाच्या जोरावर ती आठ वर्षांची असताना पूल ओलांडून आईच्या चुलतबहिणीकडे राहायला आली, शाळेत गेली. आंपारोला कागद नव्हता. आंपारो तिकडेच राहिली.

आणि ती मुलगी. भिंतीच्या आधीच्या वर्षी, ऑगस्टमधली, भर दुपारची. बागेतल्या नळाशी उभी होती, कडेवर पोर, पोराच्या डोक्यावर ओला रुमाल. "मावशी, पाणी घेऊ?" असं तिने विचारलं होतं, न विचारता घेता आलं असतं तरी. देल्फिनाने तिला सावलीत बसवलं, बर्फाचं पाणी दिलं, गरम रोट्या दिल्या, पोराला केळं कुस्करून दिलं. मग आत जाऊन सीमेवरच्या गस्तीच्या नंबरावर फोन केला. दोन्ही गोष्टी तिने एकाच शांतपणे केल्या, एकाच हातांनी. हिरवी पट्टी असलेली पांढरी गाडी आली तेव्हा ती मुलगी चढता चढता मागे वळली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, मावशी." गाडी मावशीने आपल्या मदतीला बोलावली, असं तिला वाटलं होतं. रात्री उबाल्दोने सगळं ऐकून घेतलं, ताट बाजूला सारलं. "पाणी दिलंस आणि मग फोन केलास? दोन्हीतलं एक तरी करायचं नव्हतंस." त्या वेळी तिला ते वाक्य कळलं नव्हतं. नवऱ्याच्या विक्षिप्तपणात जमा करून टाकलं होतं. आता तो गेल्याला पाच वर्षं झाली आणि ते वाक्य मात्र घरात राहायला आलंय. नळ सोडला की ऐकू येतं.

पण खरं तर या सगळ्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. ती तिला नेहमीच ठाऊक होती आणि तिच्याकडे तिने कधीच पाहिलं नव्हतं, अंगणातल्या विहिरीवर फळी टाकून वर कपडे वाळत घालावेत तसं. नोव्हेंबरच्या दोन तारखेला आई दोघी बहिणींना स्मशानात न्यायची. झेंडूची फुलं, मेणबत्त्या, गोड पाव. एका कोपऱ्यात लेकरांच्या कबरी होत्या, बुटक्या, चुना लावलेल्या. देल्फिना सहा वर्षांची असेल, नुकती वाचायला शिकलेली आणि दिसेल ते वाचत सुटलेली. एका पांढऱ्या क्रुसावर तिने बोट ठेवून अक्षरं जुळवली आणि किंचाळली, "आई, इथे माझं नाव आहे!" आई झेंडूच्या पाकळ्या पसरत होती, तिने मान वर केली नाही. "हो. तुझ्या आधी एक होती. चांगलं नाव, वाया कशाला घालवायचं?" त्या गल्लीत ती रीतच होती, गेलेल्या लेकराचं नाव मागून आलेल्याला द्यायचं. शेजारच्या घरात तीन पेद्रो झाले, जगला तिसरा. त्यामुळे देल्फिनाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपली एक मेणबत्ती जास्त, म्हणून तिने आंपारोला वाकुल्या दाखवल्या. क्रुसावर नावाखाली सालं होती, एकोणीसशे बावन्न ते त्रेपन्न. मेणकापडातल्या कागदावरही बावन्न साल होतं. दोन्ही तिला पाठ होती. दोन्ही तिने दोन वेगळ्या खोल्यांत ठेवली आणि मधलं दार कधी उघडलं नाही. शाळेत बाई म्हणायच्या, दहा वर्षांची म्हणता, केवढीशी आहे ही, खायला घाला हिला. चुलतमावशी म्हणायची, आमच्यात मुली उशिरा वाढतात. दुधाचे दात पडायचे राहिले होते. तेव्हाही दार उघडलं नाही. लग्नात उबाल्दोची आई कुजबुजली होती, बावीस वर्षांची? ही तर विशीची वाटत नाही. आणि देल्फिना लाजली होती, कौतुक समजून.

तीन आठवड्यांपूर्वी आंपारोने तो दरवाजा ढकलला. तेव्हा तिला अजून सलग बोलता येत होतं, खोकल्याच्या मधून मधून. देल्फिनाने चिठ्ठी मागायला फोन केला होता. आईचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आंपारोकडे होता, बाप्तिस्म्याचे कागद त्यात.

"डबा उशाशीच आहे," आंपारो म्हणाली. "पण तू मागू नकोस."

"ताई, वकीलबाईला हवी आहे. नुसती चिठ्ठी. चायोकडून पाठव."

"कुठली पाठवू? बावन्नची की चोपन्नची?"

पलीकडे घड्याळ टिकटिकत होतं. इकडे देल्फिनाच्या हातात ओलं फडकं होतं, ते ठिबकत होतं.

"दोन आहेत," आंपारो म्हणाली, आणि मग ती हसली, खोकला सुटेपर्यंत. "अगं, दोन वर्षांनी लहान आहेस तू. फुकटात मिळाली. मी असते तर नाचले असते."

"तुला ठाऊक होतं?"

"मी पाच वर्षांची होते. त्या पेटीचं एक टोक मी धरलं होतं, देल्फिना. दुसरं बाबांनी. हलकी होती, मला वाटलं आत बाहुली आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस? एवढी वर्षं?"

"आईने शपथ घातली होती. आणि तू त्या कागदावर इतकी खूश असायचीस. रविवारी आलीस की पुलाच्या या टोकापासूनच तुझी मान ताठ दिसायची. मला आवडायची ती मान." मग खोकला, मग पाण्याचा घोट. "त्या चिठ्ठ्या मी चुलीत घालीन. नाहीतर तू ये आणि आपल्या हाताने घाल. मला तुझं तोंड बघायचंय. नुसतं आवाजावर किती दिवस भागवू?"

तेव्हापासून देल्फिनाला घरात कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. भीतीचं नाही. आठ महिन्यांचं लेकरू, ना बोलणारं ना चालणारं. त्याने तिला शाळेत पोचवलं, त्याच्या नावावर तिने नोकरी केली, लग्न लावलं, मतं दिली, सभेत उभी राहून टाळ्या घेतल्या. आम्ही कागदाची माणसं. कागद त्याचा होता. माणूस ही, भिंतीच्या आतली म्हणावी तर बाहेरची आणि बाहेरची म्हणावी तर नदीच्या अलीकडची. आणि बागेतल्या नळाशी उभी असलेली ती मुलगी रोज थोडी थोडी तिच्या तोंडवळ्याची होत चालली होती, किंवा ही तिच्या. खिडकीची काच खाली होती तरी श्वास अपुरा पडत होता. दक्षिणेला नदी, उत्तरेला ही भिंत, तिच्यापुढे सत्तर मैलांवर ती चौकी. एका डब्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा, आणि सगळ्यांत आतल्या डब्यात एक बाई, मांडीवर सावली घेऊन. नेल्डाचं खरं होतं. गाडी वळवायची, घरी जायचं, घरातला फोन उचलायचा. राजमा दुपटीने फुगला असेल एव्हाना. याच डब्यात ती मरेल, तिच्या स्वतःच्या ओट्यावर, पलीकडची घंटा ऐकत, आणि ती घंटा कोणासाठी वाजली हे तिला चायो फोनवरून सांगेल. तिने किल्लीला हात लावला. गाडी सुरू केली. मागे जायचा गिअरसुद्धा टाकला. आरशात घराकडचा रस्ता दिसत होता, लिंबाच्या झाडांचा, रिकामा.

त्याच रस्त्याने धूळ उडवत हिरव्या पट्टीची गाडी आली. नदीवरचा गस्तीवाला. उतरला तो रूबेन लोंगोरिया, नेल्डाच्या वर्गातला, आता पोट सुटलेला आणि केस विरळ झालेला.

"काय मावशी, अडकलात?"

"अडकलेच होते. आज लाल दिव्याने सांगितलं, एवढंच."

"पत्र नाही मिळालं? काल सगळ्यांचे जुने नंबर पुसले. महिनाभर आधी कळवलं होतं."

पत्र आलं असेल. त्या एका पत्रानंतर ती पत्रं उघडत नव्हती. पावाच्या खणात टाकत होती.

"नेल्डा काय म्हणते? अजून तशीच तापट?" रूबेन फायलीतून कागद काढत म्हणाला. "आठवीत माझ्या डोक्यात भूगोलाचं पुस्तक घातलं होतं तिने."

"तू काय केलं होतंस?"

"काही नाही. तिच्या नकाशात नदी पुसून टाकली होती." तो हसला. मग तिचा गाडीचा परवाना हातात घेऊन, कागदावर लिहिता लिहिता वाचू लागला. "देल्फिना काव्हासोस. जन्म एकोणीसशे बावन्न, ब्राउन्सव्हिल. बरोबर ना?"

पेन कागदावर थांबलं होतं. देल्फिनाने भिंतीकडे पाहिलं, मग त्या पेनाकडे.

"लिही," ती म्हणाली.

त्याने लिहिलं. "आता नवा नंबर सांगा. जुना चालणार नाही. लक्षात राहील असा घ्या, लोक साल वगैरे घेतात."

"एक, नऊ, पाच, चार."

"हे कुणाचं साल?"

"माझ्या धाकट्या बहिणीचं."

"तुम्हाला धाकटी बहीण? मला तर फक्त आंपारो मावशी माहीत."

"मलाही उशिराच कळलं."

रूबेनने भुवया उंचावल्या, मग सगळं समजल्यासारखी मान डोलावली. "आमच्या आजोबांचंही तसंच निघालं होतं. पलीकडे व्हायेएर्मोसो गावात दुसरं अख्खं घर! असतं, मावशी, बापमाणसांचं." त्याने यंत्रात काहीतरी केलं आणि बाजूला झाला. "आता तुम्हीच दाबा. एकदा तुमच्या हाताने उघडलं की पक्कं झालं."

तिने हात बाहेर काढला. बोटं आपसूक जुन्या जागेकडे वळली, तिने त्यांना थांबवलं. एक. नऊ. पाच. मग चार, जरा उशिरा, पण ठामपणे. दिवा हिरवा झाला. साखळी खडखडली. पासष्ट वर्षांत पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या सालाला काहीतरी उघडलं होतं.

"संध्याकाळच्या आत याल ना?" रूबेनने विचारलं.

"रूबेन, माझ्या स्वयंपाकघरात राजमा भिजत घातलाय. किल्ली कोरफडीच्या कुंडीखाली आहे. मी नाही आले तर शिजायला ठेव. मीठ शेवटी घाल, आधी घातलंस तर तास न् तास शिजत नाही."

"मी? ड्युटीवर?" तो हसायला लागला आणि मधेच थांबला. त्याने टॉवेलाकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, तिच्या अंगावरच्या चर्चच्या झग्याकडे. "मावशी, कुठे निघालात?"

"बहिणीकडे. आंपारोकडे."

"पासपोर्ट आहे ना बरोबर?"

तिने टॉवेल सोडला, एक करंजी काढून त्याच्या हातावर ठेवली. "घे. गरम आहे."

त्याने घेतली. खाल्ली नाही, नुसती तळहातावर धरून उभा राहिला, एखादं पाखरू दिलं असावं तसा. त्याच्या आईचा जन्मही पेत्राच्याच खोलीतला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने पुन्हा काही विचारलं नाही. फाटक अर्ध्या मिनिटात आपोआप मिटतं, म्हणून तिला लगेच निघावं लागलं. आरशात तिने पाहिलं, रूबेन तसाच उभा होता, आणि फाटक त्याच्यावरून पडद्यासारखं सरकत गेलं.

पुलाजवळ तिने गाडी सावलीत लावली आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्या, परत आल्यावर आत उकडू नये म्हणून. हेही हातांनीच केलं. पुलाच्या तोंडाशी ते चक्र होतं, तीन लोखंडी दांड्यांचं. नाणं टाकलं की एक दांडा पुढे जातो. फक्त पुढेच. हजार वेळा ती त्यातून गेली होती आणि ते एकाच बाजूला फिरतं हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण येण्याचा रस्ता पलीकडून होता, रांगेचा, सावलीच्या मांडवाखालचा. आत्ताही तिथे रांग होती. माणसं हातात कागद धरून उभी होती, पुढच्याच्या पाठीकडे बघत. त्यांत एका बाईच्या कडेवर पोर होतं. ते देल्फिनाकडे टक लावून पाहत होतं. देल्फिनाने करंज्यांचं गाठोडं छातीशी धरलं. नाणं टाकलं. दांडा पोटाला टेकला, आणि ती थांबली. पर्समध्ये फोन वाजायला लागला. जेवणाची सुट्टी झाली होती. नेल्डाने घरी केला असणार, कुणी उचलला नसणार, म्हणून आता इथे. आई, तू आहेस ना?

मागे सायकल धरून उभा असलेला माणूस म्हणाला, "मावशी, जाताय की नाही? ऊन आहे."

"जातेय बाबा," ती म्हणाली, "जातेय," आणि पोटानेच दांडा ढकलला. तो फिरला. पाठीमागे दुसरा दांडा येऊन बसला, कपाटाची कडी लागावी तेवढाच आवाज करून. फोन अजून वाजत होता. पलीकडून घंटेचा आवाज यायला लागला तशी ती थांबली, मोजत, नुसत्या बाराच वाजतायत ना, याची खात्री होईपर्यंत. बाराच होत्या. मग ती भराभर चालायला लागली.